आसफ अली असगर फैझी : मुंबईचा कायदेपंडित आणि कुलपातले ग्रंथ

दर्यावर्दी

मुस्लिम कायद्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन नावं हमखास येतात, शाहबानो आणि हमीद दलवाई. एकीने कोर्टात झगडून पोटगी मागितली, दुसऱ्याने समाजाचा रोष पत्करून मंडळ उभं केलं. तिसरं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. ते नाव इथलंच, माथेरानला जन्मलेल्या आणि मुंबईत शेवटचा श्वास घेतलेल्या माणसाचं आहे. आसफ अली असगर फैझी (१८९९-१९८१). विसाव्या शतकात इस्लामी कायद्याचा अभ्यास ज्यांनी खऱ्या अर्थाने पुढे नेला, त्यांत मी फैझींना फार वर ठेवतो. त्यांच्याबद्दल मराठीत सविस्तर बोललं जावं म्हणून हा धागा.

घराणं सुलेमानी बोहऱ्यांचं. छोटा समाज, पण शिक्षणात फार पुढे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी याच समाजातले, आणि तय्यबजी-फैझी ही घराणी नात्यागोत्यात गुंतलेली. लेखिका अतिया फैझी आणि जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम झालेल्या नाझली याही फैझी घराण्यातल्याच. म्हणजे मुरूडच्या किल्ल्यापासून मलबार हिलपर्यंत पसरलेला हा गोतावळा होता.

आसफ अली सेंट झेवियर्समध्ये शिकले, मग केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी अरबी-फारसीचा कसून अभ्यास केला. १९२५ मध्ये बॅरिस्टर झाले आणि परत येऊन मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. १९३८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचं प्राचार्यपद सोडलं आणि त्याच वर्षी फैझी तिथे प्राचार्य झाले. १९४७ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत (१९४९-५१), मग लोकसेवा आयोगाचे सदस्य, मग जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू (१९५७-६०). १९६२ मध्ये पद्मभूषण. ही झाली पदांची यादी, आणि त्यांचं मोठेपण या यादीत नाही. ते वेगळ्याच ठिकाणी आहे.

ब्रिटिश काळातल्या कोर्टांपुढे एक विचित्र अडचण होती. मुसलमानांचे लग्न, वारसा, मृत्युपत्र असे वाद त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे सोडवायचे, हे वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेपासून ठरलेलं. पण साहेब न्यायाधीशाला अरबी येत नसे. मग त्याच्यासमोर काय असायचं? 'हिदाया' या हनफी (सुन्नी कायद्याच्या एका पंथाच्या) ग्रंथाचं हॅमिल्टनने १७९१ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर. तेही मूळ अरबीवरून नाही, फारसी भाषांतरावरून. शियांसाठी बेलीचं डायजेस्ट. एवढ्या शिदोरीवर देशभरातल्या मुसलमानांच्या घरादाराचे फैसले होत.

यात इस्माइली, म्हणजे शियांच्याच एका वेगळ्या शाखेतल्या, बोहऱ्यांची अवस्था सगळ्यांत वाईट. ते शिया, म्हणून कोर्ट त्यांना सरसकट बारा इमाम मानणाऱ्या इस्नाअशरी शियांचा कायदा लावून मोकळं होई. बोहऱ्यांचा स्वतःचा हजार वर्षं जुना, पूर्ण विकसित कायदा आहे, हे न्यायाधीशांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक कसं असणार? ते ग्रंथ छापलेलेच नव्हते. हाताने नकलून काढलेल्या प्रती घराघरांत आणि धर्मपीठांत कुलपात ठेवलेल्या असत. शेकडो वर्षांच्या छळातून आलेली ही सवय होती. श्रद्धेची शपथ घेतलेल्यालाच, आणि तेही परवानगीने, ते वाचता येत.

फैझी त्या समाजाच्या आतले, अरबीचे जाणकार आणि वर बॅरिस्टर. त्यांनी हे ग्रंथ उजेडात आणायचं ठरवलं. १९३३ मध्ये इस्माइलींच्या मृत्युपत्रविषयक कायद्यावरचं त्यांचं पुस्तक आलं, त्यात मूळ अरबी पाठही होता. त्याच वर्षी मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन उभी राहिली, तिच्या संस्थापकांत फैझी होते आणि रशियातून परागंदा होऊन मुंबईत स्थिरावलेले व्लादिमीर इव्हानोव्हही होते. आज जगात इस्माइली अध्ययन म्हणून जी ज्ञानशाखा उभी आहे तिच्या पायातले बरेच दगड मुंबईतले आहेत.

पण सगळ्यांत मोठं काम म्हणजे 'दआइम अल-इस्लाम'. काझी नुअमान या फातिमी, म्हणजे इस्माइली खलिफांच्या राजवटीतल्या, न्यायाधीशाने दहाव्या शतकात, खलिफा मुइझच्या देखरेखीखाली लिहिलेला हा ग्रंथ. पहिल्या खंडात श्रद्धा, नमाज, जकात, रोजा, हज वगैरे. दुसऱ्या खंडात व्यवहार : लग्न, तलाक, वारसा, मृत्युपत्र, खाणंपिणं. फातिमी राज्याचा हा अधिकृत कायदा. मुइझच्या सेनापतीने ९६९ मध्ये कैरो वसवलं, मागोमाग मुइझ आला, त्याच्याबरोबर नुअमानही आला आणि ९७४ मध्ये तिथेच वारला. पुढे ११७१ मध्ये फातिमी सत्ता गेली आणि इजिप्तमधून हा कायदा पुसला गेला. ग्रंथ टिकला तो येमेनच्या डोंगरांत आणि नंतर गुजरातेत, बोहऱ्यांच्या हस्तलिखितांत.

आणि १९५१ मध्ये फैझींनी जुन्या प्रती ताडून संपादित केलेला त्याचा पहिला खंड छापला गेला तो कैरोत! राजदूत म्हणून ते तिथेच होते. दुसरा खंड १९६० मध्ये, तोही कैरोतूनच. राजदूतपदाच्या धबडग्यात एकेका शब्दाचे पाठभेद तपासत बसणारा हा माणूस मला फार थोर वाटतो.

स्वतःजवळचा इस्माइली हस्तलिखितांचा संग्रहही त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकला. त्याची वर्णनात्मक सूची १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. जे ग्रंथ बघायला पूर्वी शपथ लागायची ते आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात.

त्यांच्या विचारांबद्दल प्रतिसादांत बोलू. सुरुवात लांबली, पण त्याला इलाज नव्हता.

अबोली

छान लिहिलंय. एक शंका. बोहरा म्हणजे पांढरी-सोनेरी टोपी आणि सय्यदना साहेब ना? मग सुलेमानी कोण?

दर्यावर्दी

@अबोली, तुम्ही म्हणता ते दाऊदी बोहरा, संख्येने कितीतरी मोठे. सोळाव्या शतकाच्या शेवटी सव्विसावे दाई, म्हणजे समाजाचे धर्मप्रमुख, वारले आणि पुढचा दाई कोण यावरून फूट पडली. दाऊद बिन कुतुबशहांना मानणारे दाऊदी, सुलेमान बिन हसन यांना मानणारे सुलेमानी. भारतातले बहुसंख्य दाऊदींकडे गेले, येमेनमध्ये सुलेमानींचं बळ राहिलं. कायद्याचा ग्रंथ मात्र दोघांचा एकच, 'दआइम'. म्हणून फैझींच्या कामाचा संबंध दोन्ही समाजांशी येतो.

वकीलबाई

फैझी म्हटल्यावर लिहिल्यावाचून राहवेना. 'आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ' हे त्यांचं १९४९ चं पुस्तक. वकिलांच्या टेबलावर मुल्ला, म्हणजे मुल्लांचं मुस्लिम कायद्यावरचं पुस्तक, असतं, कलमवार, पटकन सापडणारं. पण कायदा असा का झाला हे समजून घ्यायचं तर फैझींना पर्याय नाही. मुल्लामध्ये नियम मिळतो. फैझी आधी इतिहास सांगतात, मग पंथापंथांतला फरक, मग इंग्रजी न्यायाधीशाने त्यात काय घुसवलं ते, आणि जिथे निकाल चुकला असं त्यांना वाटतं तिथे तसं स्पष्ट लिहितात.

नमुन्यादाखल एक उदाहरण देते, त्यावरून पंथाचा फरक किती खोल जातो ते कळेल. माणूस वारला. बायको आधीच गेलेली. मागे एक मुलगी आणि एक सख्खा भाऊ. सुन्नी कायद्याने मुलीला निम्मं, उरलेलं निम्मं भावाला. शिया कायद्याने सगळं मुलीला, काकाला छदामही नाही. कुराण तेच, मुलगी तीच. फरक फक्त कुठल्या शास्त्रकारांची परंपरा मानायची याचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या फाळणीपत्रकाचा वाद घेऊन माणसं येतात, त्यांना घरचा पंथ विचारला की बरेचदा गोंधळतात. आणि सगळा दावा त्या एका उत्तरावर असतो.

दुसरी गोष्ट तलाक-ए-तफवीझची. निकाहनाम्यातच नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवायचा. समजा दुसरं लग्न केलंस, नांदवलं नाहीस, खर्च दिला नाहीस तर तिने स्वतःच तलाक घ्यावा, कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. फैझींनी 'आउटलाइन्स'मध्ये याला मुस्लिम पत्नीच्या हातातलं बहुधा सगळ्यांत प्रभावी हत्यार म्हटलं आहे. नवीन कायदा नको, संसदेची परवानगी नको. लग्न हा करार आहे ना? मग करारात अटी घाला. लग्नाच्या गडबडीत निकाहनामा कुणी वाचत नाही, मुलीचा बाप महेरच्या रकमेवर घासाघीस करतो आणि बाकीचे रकाने कोरे सोडतो. माझ्याकडे आलेल्या मुलींच्या निकाहनाम्यांत हा रकाना भरलेला क्वचितच दिसला. तो भरलेला असता तर त्यांची कित्येक वर्षं वाचली असती.

चिपळूणचा

मी कोकणी मुसलमान. आमच्या बाजूने एक भर घालतो.

उत्तर भारतातला सुन्नी बहुतेक हनफी. आम्ही कोकणी शाफई, म्हणजे सुन्नींच्याच दुसऱ्या कायदेपंथाचे, केरळच्या मापिल्लांसारखे. आमच्या किनाऱ्यावर इस्लाम अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रातून आला त्याची ही खूण. पण दिल्लीत बसून 'मुस्लिम कायदा' म्हणणाऱ्याच्या डोक्यात हनफीच असतो. आम्ही कुठे दिसतच नाही. फैझींच्या पुस्तकात आम्ही दिसतो.

त्यात एक खटला आहे, मुंबई हायकोर्टातला, १८६४ चा, मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद. शाफई घरातली मुलगी, वयात आलेली. शाफई मताप्रमाणे मुलीच्या लग्नाला वलीची, म्हणजे बापाची संमती लागतेच. हनफी मताप्रमाणे वयात आलेली मुलगी आपलं लग्न आपण करू शकते. या मुलीने सांगितलं की मी आता हनफी झाले, आणि बापाच्या संमतीशिवाय लग्न केलं. बाजू कोर्टात गेली आणि कोर्टाने लग्न वैध ठरवलं. वयात आलेल्या मुसलमानाला आपला मजहब, म्हणजे कायदेपंथ, निवडता येतो, आणि मुलीलाही येतो.

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी घरी पोरींना हा खटला सांगितला तेव्हा त्या बघतच राहिल्या. शरियत म्हणजे दगडावरची एकच रेघ, असं बाहेरच्यांनाही वाटतं आणि आमच्या जमातीतल्या बऱ्याच वडीलधाऱ्यांनाही. तशी ती कधीच नव्हती.

पुणेरी वाचक

धागा माहितीपूर्ण आहे, पण मी थोडा विरोधी सूर लावतो. हस्तलिखितं संपादित करून सामान्य मुस्लिम बाईच्या पदरात काय पडलं? दलवाईंनी १९६६ मध्ये सात बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, तलाकपीडित बायका त्यांच्या दारात यायच्या. फैझींनी इंग्रजीत लिहिलं, इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी. राजदूत, कुलगुरू, पद्मभूषण. मला हा सुरक्षित अंतरावरून केलेला सुधारकीपणा वाटतो. तय्यबजींच्या दिवाणखान्यात बसून मोहल्ला बदलत नाही.

दर्यावर्दी

@पुणेरी वाचक, मुद्दा वजनदार आहे. फैझी मोर्चेकरी नव्हते, त्यांचं लेखन मोहल्ल्यात पोचलं नाही हेही खरं. दलवाईंची किंमत मला कमी करायची नाही.

पण १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा घ्या. हनफी मताने नवरा बेपत्ता झाला, छळ केला, खायला घातलं नाही, तरी बायकोला सुटकेचा मार्ग जवळपास नव्हता. पंजाबात बायका लग्नातून सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या. त्यातून मार्ग कसा निघाला? मौलाना अशरफ अली थानवींसारख्या कट्टर हनफी विद्वानाने मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या मताचा आधार घेता येतो असं शास्त्रार्थाने दाखवलं, आणि पुढे काझमींनी विधेयक आणलं. फैझींनीही १९३६ मध्ये मुस्लिम पत्नीच्या विवाहविच्छेदाच्या हक्कावर 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'मध्ये लेख लिहिला होता. त्या कायद्याने आज ऐंशीहून जास्त वर्षं लाखो बायकांना कोर्टाचं दार उघडं ठेवलं आहे. कुणाच्या मोर्चातून तो आलेला नाही. दुसऱ्या मजहबात काय लिहिलंय हे माहीत असलेल्या माणसांमुळे तो आला.

तोंडी तिहेरी तलाकचंही तसंच. शिया कायदा तो मुळात मानतच नाही, दोन साक्षीदार आणि ठरलेला विधी लागतो. 'दआइम'मध्येही एका दमात तीनदा म्हटलेला तलाक लग्न कायमचं तोडणारा ठरत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा रद्द केली तेव्हा 'शरियतवर घाला' अशी ओरड झाली. पण शरियतच्याच हजार वर्षं जुन्या ग्रंथात ही प्रथा नाकारलेली होती, आणि तो ग्रंथ छापून सगळ्यांसमोर ठेवणारा माणूस मुंबईचा होता. पाठ समोर नसेल तर जो मोठ्याने बोलेल त्याचीच शरियत. मला फैझी महत्त्वाचे वाटतात ते यासाठी.

वकीलबाई

+१. आणि एक जोड. फैझी लॉ कॉलेजात 'पेरी प्रोफेसर ऑफ ज्युरिस्प्रुडन्स'ही होते. हे अध्यासन सर अर्स्किन पेरींच्या नावाचं. हेच ते पेरी, ज्यांनी १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन मुलींच्या वारशाचा निकाल दिला. मुली म्हणत होत्या, कुराणाप्रमाणे आम्हाला वाटा द्या. समाज म्हणत होता, आमच्यात मुलीला वाटा द्यायची रूढी नाही. पेरींनी रूढी उचलून धरली आणि मुली हरल्या.

नव्वद वर्षांनी, १९३७ च्या शरियत कायद्याने ही रूढी बाजूला सारली. पण शेतजमीन त्यातून वगळली, आणि खेड्यात इस्टेट म्हणजे दुसरं काय असतं? आज शरियत कायद्याला मध्ययुगीन म्हणून हिणवणारे आणि त्याला हात लावू नका म्हणणारे, दोघांनीही हा इतिहास वाचावा. त्या मुली कोर्टात शरियतच मागत होत्या.

सुकून

मी सश्रद्ध मुसलमान आहे, पाच वक्त नमाज पढतो. धागा आदराने लिहिला आहे म्हणून बोलतोय. फैझी साहेबांचं 'अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम' मी वाचलंय. धर्म वेगळा आणि कायदा वेगळा, ही त्यांची मांडणी मला पटत नाही. आमच्यासाठी निकाह ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेली रीत, आहे, वारशाचे हिस्से अल्लाहने कुराणात आकड्यांनिशी सांगितले आहेत. ते दीनमधून, म्हणजे धर्मातून, काढून सरकारच्या हवाली कसे करायचे? उद्या सरकार म्हणेल तोच कायदा, मग आमच्याकडे उरलं काय?

दर्यावर्दी

@सुकून, तुमचा आक्षेप फैझींच्या विचारांच्या गाभ्यालाच हात घालतो. त्यांची बाजू मला समजली तशी मांडतो.

ते म्हणत, श्रद्धा ही माणूस आणि परमेश्वर यांच्यातली आतली गोष्ट, तिच्यावर सक्ती चालत नाही. कायदा म्हणजे समाजाने समाजावर घातलेलं बंधन. त्याच्यामागे शासन असतं, आणि समाज बदलला की तो बदलावा लागतो. दोन्ही एकत्र बांधले तर काय होतं? कायदा बदलता येत नाही म्हणून अन्याय साचतो, आणि त्या अन्यायाचा डाग श्रद्धेवर पडतो. श्रद्धा वाचवायची म्हणून त्यांना ही फारकत हवी होती. इस्लामच्या नव्या अन्वयासाठी त्यांनी काही सूत्रं सुचवली : धर्मांचा इतिहास अभ्यासा, सेमिटिक धर्मांची तुलना करा, त्या भाषा शिका, कायदा धर्मापासून वेगळा करा, शरियत आणि कलाम (श्रद्धेचं तत्त्वशास्त्र) पुन्हा तपासा, विश्वरचनेबद्दलच्या जुन्या कल्पना विज्ञानाशी ताडून बघा. नावाचं मला महत्त्व नाही, पण नाव द्यायचंच तर उदार इस्लाम म्हणा, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

आकड्यांनिशी सांगितलेल्या हिश्शांचं तुम्ही म्हणता ते सगळ्यांत अवघड आहे, आणि तिथे फैझींचं उत्तर मलाही पुरेसं वाटत नाही. वकीलबाईंच्या उदाहरणात मुलीचा निम्मा हिस्सा कुराणातला आहे, पण उरलेला निम्मा काकाला जावा की मुलीलाच परत यावा हे शास्त्रकारांनी ठरवलं. आयत कुठे संपते आणि माणसाचा अन्वय कुठे सुरू होतो ही रेघ तरी नीट आखा, एवढं फैझींचं म्हणणं सश्रद्ध माणसालाही मान्य होण्यासारखं आहे.

सुकून

ही रेघ आखायला हवी, हे मान्य. पण ती आलिमांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, आखावी, बॅरिस्टरांनी नाही.

चिपळूणचा

@सुकून भाई, मग आलिमांना सगळे मजहब शिकवा ना. आमच्याकडे मदरशातून आलेला मौलवी उत्तरेकडचा असतो, हनफी शिकलेला. त्याला शाफई मसला, म्हणजे कायद्याचा प्रश्न, विचारला की तो अडतो. फैझी स्वतः सुलेमानी बोहरा, पण त्यांना आमचं शाफई माहीत होतं, हनफी माहीत होतं, इस्नाअशरी माहीत होतं. मला तरी आलिम याहून वेगळा सांगता येत नाही.

अबोली

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. कुठून सुरुवात करू?

वकीलबाई

@अबोली, 'आउटलाइन्स'ची ताहिर महमूद यांनी अद्ययावत केलेली पाचवी आवृत्ती (२००८) घ्या, म्हणजे फैझींच्या नंतरचे शाहबानो, दानियल लतीफी हे निकालही लक्षात येतील. सुरुवातीचं इतिहासाचं प्रकरण आधी वाचा, ते कादंबरीसारखं पुढे नेतं. मग लग्न आणि तलाक. वारशाची प्रकरणं कागद-पेन्सिल घेऊनच, अपूर्णांकांचा हिशोब असतो.

दर्यावर्दी

आणि 'दआइम' वाचायची इच्छा झाली तर फैझींनी केलेलं इंग्रजी भाषांतर इस्माइल पूनावालांनी सुधारून, टिपा देऊन 'द पिलर्स ऑफ इस्लाम' या नावाने दोन खंडांत काढलंय, २००२ आणि २००४ मध्ये, ऑक्सफर्डकडून. दुसरा खंड आधी घ्या, लग्न-तलाक-वारसा त्यात आहे. @सुकून, तुम्हीही बघा. काझी नुअमान प्रत्येक नियमाला इमामांच्या रिवायतीचा, म्हणजे परंपरेने आलेल्या वचनाचा, आधार देतो, तुम्हाला तो परका वाटणार नाही. वाचून झालं की तलाकच्या प्रकरणावर इथेच बोलू.